उठणारी प्रत

माझी मावशी गेली नऊ वर्षं आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहिते आहे. पुण्यात नारायण पेठेतलं घर, खिडकीशी टेबल, टेबलावर एक जुना लॅपटॉप. बटण दाबायचं, आत जाऊन आधण ठेवायचं, चहा गाळून बाहेर यायचं, तेव्हा कुठे त्याच्या पडद्यावर काहीतरी दिसायला लागायचं. 'नवा घे' म्हटलं की म्हणायची, "याला काय धाड भरली आहे? जरा सावकाश चालतो. मीही चालते."

तिचं बरोबरच होतं. प्रोसेसर ठणठणीत होता, मेमरी पुरेशी होती. अडत होतं ते आत गरगरणाऱ्या हार्ड डिस्कपाशी.

लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. ऐकायला वेग दांडगा वाटतो, पण एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली, म्हणजे हेडखाली, यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, आणि त्याआधी हेडला योग्य वर्तुळावर सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद जातात. असा एका वाचनाला सतराएक मिलिसेकंदांचा हिशेब लागतो. सेकंदाला साधारण साठ वाचनं, त्यापुढे गाडी नाही.

मंगल कार्यालयातला वाढपी आठवा. पंगत ओळीत बसली असेल तर तो भाताची परात घेऊन सपासप पुढे जातो. पण या टोकाचा पाहुणा 'तूप' म्हणाला, त्या टोकाचा 'मीठ', मधलाच कुणी 'मठ्ठा', तर तोच वाढपी धावून धावून घामाघूम होतो आणि पंगत ताटकळते. एखादा सिनेमा सलग वाचायचा तर जुनी डिस्कही वाईट नाही. संगणक सुरू होताना मात्र विखुरलेल्या हजारो लहान फायली वाचाव्या लागतात. अशी सहा हजार वाचनं धरली तर नुसत्या धावपळीतच शंभर सेकंद गेले. मावशीचा चहा तिथे उकळत होता.

हार्ड डिस्कच्याच जागी बसणारी, पण चिपांची बनलेली साठवण म्हणजे एसएसडी. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. फ्लॅश मेमरीच्या प्रत्येक कप्प्यात विद्युतरोधक भिंतींच्या आड इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात आणि किती कोंडले आहेत यावरून एक की शून्य ते ठरतं. तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी ही कल्पना मांडली, आणि आज एसएसडीत असतो तो नँड प्रकार १९८७ साली जगापुढे आला. कुठलाही कप्पा वाचायला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. तीच सहा हजार वाचनं अर्ध्या-पाऊण सेकंदात आटोपतात. जुन्या लॅपटॉपवर एवढ्या पैशात एवढा फरक पाडणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

तरी फिरत्या चकतीला नावं ठेवायला जीभ धजत नाही. १९५६ साली आयबीएमने काढलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायची जेमतेम ५० लाख अक्षरं. आमच्यासारखे दोन कुलवृत्तांत. आताच्या डिस्कमध्ये हेड चकतीवरून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं, आणि आपला केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो. धुळीच्या एका कणाने सगळं का संपतं ते यावरून कळावं.

असो. एका शनिवारी तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, जाऊन एसएसडी आणली. दुकानदार म्हणाला, "पाचशेच्या जागी चारशेऐंशी, एकच हो." एकच नाही. जुनी डिस्क ५०० जीबीची, म्हणजे ५०० अब्ज बाइट. विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं म्हणून तीच ४६५ दिसते आणि माणूस गोंधळतो. पण सेक्टरला सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या प्रत्येक लहान तुकड्याची जशीच्या तशी, नक्कल करायची तर नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच लागते. लहान घेतली तर जुन्यावरचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेला भाग, आधी आवळून घ्यावं लागतं. आम्ही आवळलं, अर्धा तास गेला. तुम्ही सरळ मोठी घ्या. आणखी एक बघायचं: जुन्या लॅपटॉपला बहुतेकदा अडीच इंची, साटा नावाच्या जोडणीची डिस्क बसते, पट्टीसारखी एम.२ प्रकारची नाही. मागचं झाकण उघडून डोळ्यांनी पाहावं, मगच तपकीर गल्ली.

मावशीचा प्रश्न वेगळाच होता. "फायली पेन ड्राइव्हवर घे आणि नव्यावर टाक. त्यात एवढं काय?"

तिच्या फायली मी माझ्या लॅपटॉपवर उघडून दाखवल्या. पडद्यावर वेड्यावाकड्या रोमन खुणांचा चिवडा. तिने सुरुवात केली ती युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या घडणीच्या एका फॉण्टमध्ये, आणि हाताला तोच कीबोर्ड बसलेला. अशा फॉण्टमध्ये 'क' हा संगणकाच्या लेखी 'क' नसतोच. एखाद्या रोमन अक्षराच्या जागेवर नुसतं 'क'चं चित्र बसवलेलं असतं. फॉण्ट गेला की चित्र गेलं, आणि खालचं रोमन अक्षर उघडं पडतं. म्हणजे नुसती फाईल जपून भागत नाही. तो फॉण्ट, तो कीबोर्ड, ते जुनं सॉफ्टवेअर, हे सगळं जसंच्या तसं जिवंत असलेली डिस्क हवी. मराठीत ज्यांनी वीस वर्षं टंकन केलंय, अशा कितीतरी घरांत आणि छापखान्यांत हेच दुखणं आहे.

आता, डिस्क 'जिवंत' कशामुळे असते? संगणक चालू झाला की त्याला आपल्या फायलींचा पत्ताही नसतो. मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि डिस्कवर एका ठरावीक ठिकाणी पाहतो. जुन्या पद्धतीत ती जागा म्हणजे डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, ५१२ बाइटांचा. त्यातल्या ४४६ बाइटांत पुढचं कुठे शोधायचं याच्या सूचना, मग पार्टिशनांचा तक्ता, आणि शेवटी दोन बाइटांची ठरावीक खूण. खूण सापडली नाही तर बाकी डिस्क सोन्याने मढलेली असली तरी यंत्र म्हणतं, इथे काही नाही. नव्या यूईएफआय पद्धतीत या कामाला एक वेगळं छोटं पार्टिशन असतं. विंडोज ते आपल्याला दाखवतच नाही. म्हणून सी ड्राइव्हमधलं सगळं निवडून कॉपी-पेस्ट केलं तरी नवी डिस्क निपचित पडून राहते. सामान सगळं नव्या घरी पोचलं, किल्ली जुन्या चौकटीवरच राहिली.

क्लोनिंग म्हणजे चौकट-किल्लीसकट नक्कल. आम्ही क्लोनझिला नावाचं सॉफ्टवेअर वापरलं, तैवानमध्ये घडलेलं, फुकट आणि मुक्त. नवी डिस्क यूएसबीच्या पेटीत घालून लावायची, पेन ड्राइव्हवरून क्लोनझिला सुरू करायचं आणि कुठून कुठे हे तीनदा वाचायचं. दिशा उलटी झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि नऊ वर्षं पाच मिनिटांत पुसली जातात. म्हणून आधी सगळ्या फायलींची साधी प्रत तिसरीकडे काढली होती. गुरुवार टाळला, आमच्याकडे वीज बहुधा त्याच दिवशी दुरुस्तीसाठी जाते. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून मगच हात घालावा.

अडीच तासांनी काम झालं. पाठीमागचे स्क्रू मी काढले, मावशीने ते क्रमाने चहाच्या बशीत मांडले. नवी डिस्क बसवली. पहिल्यांदा सुरू करताना जुनी जोडलेली ठेवू नये, कारण दोघींची ओळखसंख्या एकच असते आणि विंडोज त्यातल्या एकीला बाजूला सारतं. बटण दाबलं. मावशी सवयीने स्वयंपाकघराकडे निघाली होती, दारातूनच परत फिरली.

"उठला?"

बूट होणं, म्हणजे संगणक सुरू होऊन कामाला लागणं, याला तिने तिथल्या तिथे दिलेला हा शब्द आम्ही आता सगळेच वापरतो.

काढलेली जुनी डिस्क मी विकणार नव्हतो. तीच आयती पहिली उठणारी प्रत. शिवाय फिरत्या डिस्कचा एक गुण इथे कामी येतो: चुंबकीय खुणा विजेशिवायही वर्षानुवर्षं टिकतात. फ्लॅशमधले कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू झिरपतात. झिजून आयुष्य संपत आलेल्या घरगुती एसएसडीकडून उद्योगाचं मानक ३० अंश तापमानाला, विजेशिवाय, एक वर्षाचीच हमी मागतं. कपाटात पडून राहायचं काम चकतीलाच द्यावं. तिचंही वय झालंय, म्हणून घरात एक नवी बाहेरची डिस्क घेतली आणि जुनी धाडली चिंचवडला, धाकट्या मावशीकडे.

चिंचवडला का, हे मला समजावून सांगावं लागलं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा आजोबा नारायण पेठेतच राहत होते. त्यांनी गोळा केलेली वंशावळीची वही, दस्त, पत्रं, सगळं खालच्या खोलीतल्या एका ट्रंकेत होतं. कुलवृत्तांतातली चौथी आणि पाचवी पिढी आजही अर्धी कोरी आहे. जी नावं हाती लागली ती साताऱ्याच्या चुलत घराने कधीतरी उतरवून नेलेल्या चार पानांमुळे.

विंडोजची अशी प्रत यूएसबीवरून थेट उठेलच असं नाही, बहुधा लॅपटॉपच्या आतच बसवावी लागते. लिनक्स याबाबतीत कमी कुरकुर करतं. म्हणून तपासणी म्हणजे दर वेळी स्क्रू आणि बशी. मावशीने त्यासाठी खंडेनवमी ठरवून टाकली आहे. यंदा विळी, शिवणयंत्र आणि लॅपटॉप यांना हळदकुंकू वाहून झाल्यावर तिने चिंचवडहून मागवलेला स्टीलचा डबा उघडला. सिलिका जेलच्या पुड्यांमध्ये ठेवलेली डिस्क काढून मी आत बसवली आणि बटण दाबलं. चकतीची ओळखीची घरघर सुरू झाली.

मावशीने क्षणभर ऐकलं आणि आधण ठेवायला आत गेली.