जुन्या जपानी तलवारींची पारख

जपानी लोहारांनी पारंपरिक रीतीने घडवलेल्या तलवारींना 'निहोन्तो' म्हणतात. हाती आलेले पाते खरोखर निहोन्तो आहे का, असल्यास कोणत्या काळातले, कोणत्या परंपरेतले आणि शक्य झाल्यास कोणाच्या हातचे, हे ठरवण्याची विद्या म्हणजे 'कान्तेई'. तोयोतोमी आणि तोकुगावा सत्ताधीशांच्या पदरी असलेल्या होन्आमी घराण्याने ती पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. शिकलगारी आणि पारख ही दोन्ही कामे या घराण्याकडे होती. ते स्वाभाविकही होते, कारण पाते महिनोन्‌महिने दगडावर घासणाऱ्याइतके त्याचे अंतरंग दुसऱ्या कोणाला दिसत नाही.

नवख्या संग्राहकाची नजर आधी कोरलेल्या नावावर जाते. जाणकार नाव शेवटी वाचतात. आधी पात्याचा घाट, मग पोलादाची वीण, मग धारेला दिलेले पाणी, आणि या सगळ्यांवरून मनाशी काही ठरल्यावर मुठीआडचे नाव. नाव खोटे कोरता येते. घाट, वीण आणि पाणी हे तिन्ही एकाच वेळी खोटे करणे फार अवघड. जपानमधल्या अभ्यास-बैठकांत म्हणूनच मुठीत जाणारा भाग झाकून पाते हाती दिले जाते आणि घडवणाऱ्याचे नाव चिठ्ठीवर लिहायला सांगतात. या विद्येचे याहून चांगले शिक्षण नाही.

घाट आणि काळ

लांबी जपानी मापात मोजतात. एक शाकू म्हणजे सुमारे ३०.३ सेंमी. एक शाकूच्या आतले पाते 'तान्तो', एक ते दोन शाकूंमधले 'वाकिझाशी', आणि दोन शाकूंच्या वरचे 'काताना' किंवा 'ताची'. ताची धार खाली ठेवून कमरेला लटकवत. काताना धार वर ठेवून कमरपट्ट्यात खोचत. कारागीर बहुधा अंगापासून बाहेरच्या बाजूला नाव कोरी, त्यामुळे ताची आणि काताना यांवरचे नाव एकमेकांच्या उलट बाजूला येते. नाव कोणत्या बाजूला आहे एवढ्यावरूनही एक अंदाज बांधता येतो.

हेइआन काळाच्या अखेरीची, म्हणजे बाराव्या शतकातली, पाती सडपातळ, टोक लहान, आणि वाक मुठीजवळ खोल. कामाकुरा काळाच्या मध्यात पाते रुंद होते. मंगोलांच्या स्वाऱ्या १२७४ आणि १२८१ साली झाल्या, त्या याच काळात. नान्बोकुचो काळात (१३३६–१३९२) तीन शाकूंहून लांब, मोठ्या टोकाच्या अवाढव्य तलवारी दिसतात. मुरोमाची काळाच्या उत्तरार्धात (पंधराव्या-सोळाव्या शतकात), पायदळाच्या लढाया वाढल्यावर, आखूड पाती आली आणि वाक टोकाकडे सरकला. १६६१ ते १६७३ या कान्बुन वर्षांतली पाती जवळजवळ सरळ, टोक छोटे. ती एकदा पाहिली की चटकन ओळखू येतात.

१५९६ च्या आधीच्या तलवारींना 'कोतो' आणि नंतरच्यांना 'शिन्तो' म्हणतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढच्या 'शिन्शिन्तो'. १८७६ मध्ये मेइजी सरकारने तलवार बांधून फिरण्यावर बंदी घातली, त्यानंतरच्या 'गेन्दाइतो'. शिन्शिन्तोच्या लोहारांनी नान्बोकुचोच्या भव्य घाटाची मुद्दाम नक्कल केली, त्यामुळे नुसत्या घाटावर निकाल देऊ नये. अशा वेळी पात्याचे वजन उपयोगी पडते. शतकानुशतके शिकल होत आलेले खरे जुने पाते झिजून हलके झालेले असते. नक्कल भरीव आणि जड लागते.

वीण आणि पाणी

पोलाद पुन्हा पुन्हा घडी घालून ठोकल्यामुळे पृष्ठभागावर लाकडाच्या रेषांसारखी वीण उमटते. फळीसारखी 'इतामे', सरळ रेषांची 'मासामे', गाठीसारखी 'मोकुमे'. आणि गास्सान घराण्याची लाटांसारखी 'आयासुगी', जी दुसऱ्यांच्या कामात क्वचितच दिसते. धारेखेरीज उरलेल्या पात्यावर मातीचा जाड थर देऊन ते तापवून पाण्यात बुडवतात. धार झटकन थंड होऊन कठीण बनते, पाठ मऊ राहते, आणि या दोहोंच्या सीमेवर जी पांढरट रेषा उमटते तिला 'हामोन' म्हणतात. कठीण झालेला भाग फुगत असल्याने पात्याचा वाकही याच क्षणी वाढतो.

हामोन दिव्याखाली पाहायचा असतो. टोक दिव्याकडे रोखून पाते किंचित वरखाली केले की सीमेवरचे कण चमकतात. ते सुटे, चकचकीत दिसले तर 'निए'. धुक्यासारखे मिसळलेले दिसले तर 'निओइ'. कामाकुरा शहराजवळ वाढलेल्या सोशू परंपरेत निए ठळक. आजच्या ओकायामा प्रांतातल्या बिझेन परंपरेत निओइ, लवंगेच्या कळ्यांसारखा हामोन, आणि जुन्या कामांत त्याच्या वर धूसर सावली. यामाशिरो, यामातो आणि मिनो या उरलेल्या तीन परंपरा. मिनोच्या मागोरोकु कानेमोतोची तीन-तीन शेंड्यांची ओळ आणि ओसाकाच्या त्सुदा सुकेहिरोच्या उसळत्या लाटा एवढ्या प्रसिद्ध झाल्या की त्यांच्या नकला भरमसाट झाल्या. हामोन टोकातून परत कसा वळतो हेही पाहावे; तिथे बनावट करणाऱ्याचा हात डळमळतो.

आजच्या स्वस्त नकलांवर हामोन ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने उमटवलेला असतो. तो एकसारखा करडा दिसतो. प्रकाशाचा कोन बदलला तरी त्यात एकही कण उजळत नाही. ही एवढी तपासणी येत असेल तर बाजारातल्या बहुसंख्य बनावट मालापासून बचाव होतो.

मुठीआडचा भाग

मुठीत दडलेल्या भागाला 'नाकागो' म्हणतात. बांबूची खुंटी काढली की मूठ निघते आणि तो दिसतो. यावरचा गंज कधीही, कोणत्याही कारणाने काढू नये. घरात सापडलेली तलवार 'स्वच्छ' करून देणारे हौशी हात जितका पुरावा नष्ट करतात तितका युद्धानेही केला नसेल. जुन्या कोतोचा गंज काळपट तपकिरी, गुळगुळीत आणि खोल असतो. रसायनाने चढवलेला गंज लालसर, भुकटीसारखा असतो आणि बोटाला लागतो. कोरलेल्या अक्षरांच्या खाचेत भिंगाने पाहावे: खाचेतला गंज आजूबाजूच्या गंजाइतकाच जुना दिसला पाहिजे. खाच उजळ असेल तर नाव नंतर कोरलेले आहे. कानशीच्या खुणा आडव्या आहेत की तिरप्या, किती तिरप्या, ही प्रत्येक घराण्याची सवय असे. नाकागोचा आकारही बोलका. इसे प्रांतातला लोहार मुरामासा याचा नाकागो माशाच्या पोटासारखा फुगीर असतो.

खुंटीची भोके एकाहून अधिक असतील तर पाते बहुधा आखूड केलेले आहे. लांब ताची पुढच्या काळात कंबरेला खोचण्याजोग्या करताना खालून कापल्या गेल्या आणि त्यांत मूळ नावेही गेली. त्यामुळे नाव नाही म्हणून पाते कमी प्रतीचे समजू नये. सोशू परंपरेतला सर्वांत नामवंत लोहार मासामुने, त्याची म्हणून मान्य असलेली बहुतेक पाती निनावीच आहेत.

एक उदाहरण घेऊ. एका बाजूला 'बिशू ओसाफुने सुकेसादा' आणि दुसऱ्या बाजूला 'एइशो नववे वर्ष, आठव्या महिन्याचा एक दिवस' असा मजकूर आहे. बिशू म्हणजे बिझेन प्रांत, ओसाफुने गाव, सुकेसादा लोहार. एइशो काळ १५०४ मध्ये सुरू झाला. पहिले वर्ष तेच धरायचे असल्याने नववे वर्ष १५१२. महिना पाहून फार अर्थ काढू नये, कारण दुसरा किंवा आठवा महिना लिहिण्याचा प्रघातच होता. पण सुकेसादा नावाचे लोहार अनेक होते, आणि लढायांच्या धामधुमीत त्यांच्या भट्ट्यांतून ढीगभर तलवारी निघाल्या. नावात 'योसोझाएमोन-नो-जो' असे व्यक्तिनाम जोडलेले असेल तर ते सहसा खास मागणीचे काम, आणि त्याची प्रतही वेगळी. नुसते 'सुकेसादा' वाचून हरखून जाणारे पुष्कळ भेटतात.

खोट्या नावांना 'गिमेइ' म्हणतात आणि ती प्रथा शेकडो वर्षांची आहे. सतराव्या शतकातला नागासोने कोतेत्सु आधी चिलखते घडवी, मग तलवारींकडे वळला. त्याच्या नावाने इतके बनावट काम झाले की कोतेत्सुचे नाव दिसले की ते खोटे समजूनच सुरुवात करावी, असे जपानी जाणकार मानतात. मात्र गिमेइ असलेले पातेही चांगले असू शकते. खोटे आहे ते नाव.

युद्धातल्या तलवारी

जपानबाहेर सापडणाऱ्या तलवारींत दुसऱ्या महायुद्धातल्या 'गुन्तो' सर्वांत जास्त. १९३४ आणि १९३८ च्या नमुन्यांच्या अधिकाऱ्यांच्या, आणि १९३५ च्या नमुन्याच्या हवालदारांच्या. या शेवटच्या यंत्राने बनवलेल्या: धातूची ओतीव मूठ, पात्यावर ठोकलेला क्रमांक. इतिहासाची वस्तू म्हणून त्यांना मोल आहे, पण त्या निहोन्तो नव्हेत. अधिकाऱ्यांच्या तलवारींचे मात्र उघडून पाहिल्याशिवाय काही सांगता येत नाही. नाकागोवर सेकी या गावाचा किंवा 'शो' हा ठसा असेल तर ते पारंपरिक पद्धतीने न घडवलेले युद्धकालीन पाते; ताऱ्याचा ठसा असेल तर लष्कराने नेमलेल्या लोहाराचे पारंपरिक काम. आणि कधीकधी लष्करी म्यानात घराण्यातले चारशे वर्षांचे पाते निघते, कारण अनेक अधिकाऱ्यांनी वडिलोपार्जित पात्यांनाच नवी मूठ चढवली होती.

आग्नेय आशियात शरणागतीच्या वेळी जपानी अधिकाऱ्यांनी सर्वांसमक्ष तलवारी खाली ठेवाव्यात असा आग्रह माउंटबॅटन यांनी धरला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय सैन्य मोठ्या संख्येने होते आणि त्यात मराठा पलटणीही होत्या. तेव्हा महाराष्ट्रातल्या एखाद्या फौजी घरी अशी तलवार निघाली तर ती पॉलिश करायला देण्याआधी मूठ काढून नाकागोचे चांगले फोटो घ्यावेत. जपानमध्येही असंख्य तलवारी जप्त झाल्या. तोकुगावा घराण्याकडची 'होन्जो मासामुने' ही मासामुनेची प्रसिद्ध तलवार टोकियोतल्या मेजिरो पोलीस ठाण्यात जमा केली गेली आणि तेव्हापासून तिचा पत्ता नाही.

दोष

धारेला आडवी गेलेली बारीक चीर, 'हागिरे', ही पात्याचा अंत समजावी. पुढे धार तुटणार. टोकातला हामोन झिजून गेला असेल तर तोही दुरुस्त होत नाही. आगीत सापडलेल्या पात्याला पुन्हा पाणी दिलेले असू शकते. मुठीजवळ हामोनच्या सुरुवातीला तिरपी धूसर पट्टी दिसली की तशी शंका घ्यावी. बुडबुडे किंवा उघडलेली वीण हे दोष जुन्या, दुर्मिळ पात्यात खपवून घेतात, नव्यात नाही. शिकल प्रशिक्षित शिकलगाराकडूनच करून घ्यावी. तिचा खर्च कित्येकदा पात्याच्या किमतीहून जास्त होतो, आणि प्रत्येक शिकलीत पोलाद कायमचे कमी होते.

कागदपत्रे

१९४८ मध्ये स्थापन झालेली निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई ही संस्था टोकियोत तलवारींचे संग्रहालय चालवते, पारंपरिक पोलादासाठी शिमाने प्रांतात भट्टी चालवते आणि तज्ज्ञ मंडळाकडून पारख करून प्रमाणपत्र देते. 'होझोन', 'तोकुबेत्सु होझोन', 'जुयो', 'तोकुबेत्सु जुयो' अशा चढत्या पायऱ्या आहेत. पहिल्या दोन १९८२ पासूनच्या; त्याआधीच्या प्रमाणपत्रांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, पाते पुन्हा तपासून घ्यावे. निनावी पात्याच्या प्रमाणपत्रात लोहाराच्या नावाआधी 'देन' असेल तर मंडळाने ते नाव थोड्या सावधपणे दिले आहे असे समजावे. गिमेइ ठरलेल्या पात्याला प्रमाणपत्र मिळत नाही.

जपानमधला नोंदणी-कागद ही वेगळीच गोष्ट. प्रांताचे शिक्षण मंडळ तो देते. त्यात लांबी, वाक, भोकांची संख्या आणि कोरलेला मजकूर यांची नुसती नोंद असते. मजकूर खरा असल्याची हमी त्यात नसते, तरी तो प्रमाणपत्रासारखा दाखवून विक्री होते. तलवार देशाबाहेर नेताना हा कागद परत करून सरकारच्या सांस्कृतिक कार्य संस्थेचा निर्यात परवाना घ्यावा लागतो, आणि राष्ट्रीय संपत्ती किंवा महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती ठरलेली तलवार बाहेर नेता येत नाही. यंत्रावर बनलेल्या युद्धकालीन पात्यांची जपानमध्ये नोंदणीच होत नाही; ती तिथे परत नेणारा संग्राहक कायद्याच्या कचाट्यात सापडतो.