हँक ॲरनचा ७१५वा होम रन

अटलांटा ब्रेव्ह्ज संघाच्या हेन्री ऊर्फ हँक ॲरनने ८ एप्रिल १९७४ च्या रात्री मारलेला होम रन. या एका फटक्याने बेब रूथचा ७१४ होम रनचा विक्रम मोडला. रूथने शेवटचा होम रन १९३५ मध्ये मारला होता, आणि त्यानंतर जवळपास चार दशके तो आकडा अमेरिकी बेसबॉलमध्ये अढळ मानला जात होता.

बॅटरने चेंडू थेट कुंपणापलीकडे टोलवला की मैदानावरील चारही बेसना (ठराविक थांब्यांना) फेरी मारून त्याचा रन पूर्ण होतो, हा होम रन. आपल्याकडच्या षटकारासारखाच हा फटका, पण कितीतरी दुर्मीळ. एका हंगामात चाळीस होम रन म्हणजे डोक्यावरून पाणी! ॲरनने १९७३ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी, बरोबर तेवढे मारले आणि हंगाम संपला तेव्हा तो ७१३ वर होता. बरोबरीला एक कमी असताना अख्खा हिवाळा थांबणे आले.

तो हिवाळा फार वाईट गेला. अलाबामातील मोबाईल शहरात १९३४ मध्ये जन्मलेला ॲरन कृष्णवर्णीय होता. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये इंडियानापोलिस क्लाउन्सकडून खेळून तो वर आला आणि १९५४ मध्ये ब्रेव्ह्जकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, उतरला. गोऱ्या अमेरिकेच्या लाडक्या रूथला मागे टाकणारा माणूस काळा असावा, हे अनेकांना सहन होत नव्हते. १९७३ मध्ये ॲरनला सुमारे ९,३०,००० पत्रे आली. बहुतेक कौतुकाची होती, पण शिवीगाळीची आणि जिवे मारण्याच्या धमक्यांचीही ढिगाने होती. त्याच्यासोबत पोलीस अंगरक्षक असे. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीलाही धमक्या आल्या आणि एफबीआयला लक्ष घालावे लागले. ही पत्रे ॲरनने फेकली नाहीत, जपून ठेवली.

१९७४ चा हंगाम सिनसिनाटीत ४ एप्रिलला सुरू झाला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला त्या दिवशी सहा वर्षे होत होती. सामन्याआधी क्षणभर मौन पाळावे, अशी विनंती ॲरनने केली. ती मान्य झाली नाही. नंतर बॅटच्या पहिल्याच फटक्याला त्याने प्रतिस्पर्धी गोलंदाज जॅक बिलिंगहॅमचा चेंडू कुंपणापार धाडला : ७१४. विक्रम घरच्या प्रेक्षकांसमोर व्हावा म्हणून या मालिकेत त्याला बसवून ठेवण्याचा ब्रेव्ह्जचा विचार होता. तीनपैकी किमान दोन सामने त्याने खेळलेच पाहिजेत, असे मेजर लीगचे प्रमुख, कमिशनर बोवी कून यांनी बजावले होते.

अटलांटातील पहिल्या सामन्याला ५३,७७५ प्रेक्षक आले. चौथ्या इनिंगमध्ये प्रतिस्पर्धी लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) अल डाउनिंग समोर होता. योगायोगाने दोघांच्याही पाठीवर ४४ हाच क्रमांक. ॲरनने चेंडू लेफ्ट फिल्डकडे, म्हणजे मैदानाच्या डाव्या बाजूला, उचलला. डॉजर्सचा बिल बकनर कुंपणावर चढून पाहू लागला, पण चेंडू पलीकडे बुलपेनमध्ये (राखीव पिचर सराव करतात त्या जागेत) उभ्या असलेल्या ब्रेव्ह्जच्या टॉम हाउसच्या ग्लोव्हमध्ये गेला. ॲरन दुसरा बेस ओलांडत होता तेवढ्यात दोन तरुण मैदानात घुसून त्याच्या बाजूने पळू लागले. त्यांना फक्त पाठ थोपटायची होती, पण धमक्या ठाऊक असलेल्यांच्या काळजाचा ठोका चुकला असणार. फेरी जिथे संपते त्या होम प्लेटपाशी सहकाऱ्यांच्या गर्दीतून आई एस्टेला पुढे आली आणि तिने मुलाला घट्ट मिठी मारली. हाउस चेंडू घेऊन धावत आला. डॉजर्सचे समालोचक विन स्कली यांनी बराच वेळ माइकवर एक शब्दही न उच्चारता प्रेक्षकांचा जल्लोष तसाच ऐकू दिला. मग ते म्हणाले, की अमेरिकेच्या दक्षिणेत एका काळ्या माणसासाठी सारे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत आहेत. माझ्या मते त्या रात्रीचे याहून नेमके वर्णन दुसरे नाही.

कमिशनर कून मात्र हजर नव्हते. ते क्लीव्हलंडला एका कार्यक्रमासाठी गेले होते आणि त्यांच्या वतीने माँटी अर्विन आले. अर्विनने कून यांचे नाव घेताच प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली, आणि ती रास्तच होती. ॲरन माइकवर एवढेच म्हणाला, की एकदाचे हे संपले, देवाचे आभार. त्या वाक्यात विजयापेक्षा सुटकाच जास्त ऐकू येते. ब्रेव्ह्जनी सामना ७–४ असा जिंकला.

ॲरन १९७६ मध्ये मिलवॉकी ब्रूअर्सकडून ७५५ होम रनवर थांबला, १९८२ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या सन्मान दालनात) गेला आणि २२ जानेवारी २०२१ रोजी निवर्तला. बॅरी बॉन्ड्सने ऑगस्ट २००७ मध्ये त्याचा होम रनचा विक्रम मागे टाकला. फटक्यांनी इतर खेळाडूंना व स्वतःला मिळवून दिलेल्या २,२९७ रनांचा (आरबीआय) विक्रम मात्र अजून ॲरनच्याच नावावर आहे. केवळ कुंपणापार मारणारा म्हणून त्याला ओळखणे अपुरे आहे : कारकिर्दीतील ३,७७१ हिटमधून (बेस गाठून देणाऱ्या यशस्वी फटक्यांमधून) सगळे ७५५ होम रन वजा केले, तरी ३,०१६ हिट उरतात, आणि तीन हजारांचा टप्पा गाठणारे फलंदाज मोजकेच आहेत.