‘एडमंड फिट्झगेराल्ड’चे कथागीत : एका जलसमाधीची आणि तिच्यावरील गाण्याची पार्श्वभूमी

कॅनडाचे गायक-गीतकार गॉर्डन लाइटफूट यांचे ‘द रेक ऑफ द एडमंड फिट्झगेराल्ड’ हे गाणे ऑगस्ट १९७६ मध्ये ‘सिंगल’ म्हणून बाजारात आले, तेव्हा त्यात वर्णिलेल्या दुर्घटनेला पुरते वर्षही झालेले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी घोळून लोकगीताला येते ती घडण या गाण्याला पहिल्याच दिवसापासून होती आणि तरीही त्याचा विषय ताज्या बातमीचा होता. मृतांचे आईवडील, पत्नी आणि मुले रेडिओवर हे गाणे ऐकत होती. या गाण्याचा पुढचा सगळा इतिहास समजून घेताना ही वस्तुस्थिती ध्यानात ठेवावी लागते.

‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे ७२९ फूट लांबीचे मालवाहू जहाज ७ जून १९५८ रोजी मिशिगन राज्यातील रिव्हर रूज येथे पाण्यात उतरवण्यात आले आणि त्या वेळी अमेरिका व कॅनडाच्या सीमेवरील महासरोवरांत त्याच्याएवढे लांब जहाज दुसरे नव्हते. त्याची मालकी मिलवॉकीच्या नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल या विमा कंपनीकडे होती आणि कंपनीच्या अध्यक्षांचेच नाव जहाजाला देण्यात आले होते. मिनेसोटातील खाणींच्या लोहखनिजापासून बनवलेल्या ‘टॅकोनाइट’च्या गोळ्या डेट्रॉइट, टोलेडो आणि आसपासच्या पोलाद कारखान्यांपर्यंत पोहोचवणे हे त्याचे नेहमीचे काम होते.

९ नोव्हेंबर १९७५ रोजी दुपारी विस्कॉन्सिनमधील सुपीरियर बंदरातून हे जहाज निघाले तेव्हा त्यात २६,००० टनांहून अधिक टॅकोनाइट होते आणि ते डेट्रॉइटजवळच्या झग आयलंडला जायचे होते. कप्तान अर्नेस्ट मॅक्सॉर्ली अनुभवी होते. वादळाची सूचना मिळाल्यावर त्यांनी आणि मागून येणाऱ्या ‘आर्थर एम. अँडरसन’ या जहाजाने सुपीरियर सरोवराच्या उत्तर किनाऱ्याच्या आडोशाने जाणारा लांबचा मार्ग धरला. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ‘फिट्झगेराल्ड’ एका बाजूला कलू लागले, त्याचे रडार बंद पडले आणि व्हाइटफिश पॉइंट येथील दीपगृह व रेडिओ संकेतही त्या वादळात बंद होते. संध्याकाळी सातच्या सुमारास ‘अँडरसन’वरून विचारणा झाली, तेव्हा आम्ही तग धरून आहोत अशा अर्थाचे उत्तर मॅक्सॉर्ली यांनी दिले. त्यानंतर काही मिनिटांतच जहाज रडारवरून नाहीसे झाले. मदतीची हाक आली नाही आणि २९ जणांपैकी एकही वाचला नाही. कॅनडाच्या हद्दीत, ५३० फूट खोल पाण्यात जहाजाचे दोन तुकडे सापडले.

त्या सरोवरांसाठी नोव्हेंबर हा नेहमीच काळ ठरलेला महिना आहे. १९१३ च्या नोव्हेंबरातील वादळात अडीचशेहून अधिक माणसे गेली. १९५८ मध्ये ‘कार्ल डी. ब्रॅडली’वरील ३५ पैकी ३३, तर १९६६ मध्ये ‘डॅनियल जे. मॉरेल’वरील २९ पैकी २८ जण मृत्युमुखी पडले. या दुर्घटना ‘फिट्झगेराल्ड’पेक्षा फारशा लहान नव्हत्या. तरीही सरोवरांपासून दूर राहणाऱ्या माणसाला आज बहुधा एकाच जहाजाचे नाव ठाऊक असते आणि त्याचे कारण हे गाणे आहे.

लाइटफूट यांचा जन्म १९३८ मध्ये ऑन्टॅरिओतील ओरिलिया या सरोवराकाठच्या गावी झाला होता. कॅनडातील रेल्वेमार्गाच्या उभारणीवर त्यांनी १९६७ मध्ये प्रदीर्घ गीत प्रसिद्ध केले होते आणि पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या दंगलीवर गाणे काढले होते. म्हणजे प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीचे गाणे करणे त्यांना नवे नव्हते. २४ नोव्हेंबर १९७५ च्या ‘न्यूजवीक’मध्ये या अपघातावर लेख आला. सुपीरियर सरोवर आपले मृत परत देत नाही, या चिपेवा आदिवासींच्या समजुतीने त्या लेखाची सुरुवात होती आणि गाण्याचीही सुरुवात तिथूनच होते. या समजुतीला भौतिक आधारही आहे: तिथले पाणी इतके थंड असते की मृतदेह कुजून फुगत नाहीत आणि त्यामुळे ते वर येत नाहीत. वृत्तपत्रांतील त्रोटक मजकुरात या माणसांची बोळवण झाली, असे लाइटफूट यांना वाटले आणि त्या असमाधानातून हे गीत लिहिले गेले.

चालीसाठी त्यांनी लहानपणी कानावर पडलेल्या एका जुन्या आयरिश शोकगीताचा आधार घेतला. गाण्याला ध्रुवपद नाही. एकाच चालीत कडव्यामागून कडवे येते, मध्ये टेरी क्लेमंट्स यांच्या गिटारचे स्वर येतात आणि वादळाचे वर्णन चालू असतानाही गायकाचा आवाज चढत नाही. माझ्या मते गाण्याचे सामर्थ्य या संयमात आहे. डिसेंबर १९७५ मध्ये टोरांटोच्या ईस्टर्न साउंड स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले आणि वादकांनी एकत्र वाजवलेला पहिलाच ‘टेक’ तबकडीवर आला. साडेसहा मिनिटांचे, नाचता न येणारे हे गाणे रेडिओवर चालेल अशी अपेक्षा कोणी करावी असे त्यात काही नव्हते. तरीही कॅनडात ते पहिल्या क्रमांकावर गेले आणि अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या यादीत नोव्हेंबर १९७६ मध्ये, म्हणजे दुर्घटनेच्या पहिल्या स्मृतिदिनाच्याच महिन्यात, दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. पुढे आयरिश कैदी बॉबी सँड्स यांनी तुरुंगात लिहिलेले एक गीत याच चालीवर बसवले गेले आणि आयरिश गायक क्रिस्टी मूर यांनी ते १९८४ मध्ये ध्वनिमुद्रित केले. आयर्लंडहून आलेली चाल अशा रीतीने आयर्लंडला परतली.

पोवाड्यात शाहीर वीराचे नाव पुन्हापुन्हा घेतो. या गीतात मात्र ना कप्तानाचे नाव आहे, ना एकाही खलाशाचे. आहे तो जेवण वाढता येत नाही म्हणून सांगायला येणारा आणि थोड्या वेळाने सोबत्यांचा निरोप घेणारा स्वयंपाकी. हा प्रसंग अर्थातच कल्पित आहे, कारण तो सांगायला कोणी उरले नव्हते. इतर काही तपशीलही सैल आहेत. गाण्यात जहाज क्लीव्हलंडला निघालेले आहे आणि डेट्रॉइटच्या मरिनर्स चर्चला वेगळेच नाव दिलेले आहे. याच चर्चमध्ये दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी २९ वेळा घंटा वाजवण्यात आली होती. तिथल्या सभागृहाला लाइटफूट यांनी गाण्यात कुबट म्हटले होते. चर्चमधील मंडळींनी ते खरे नसल्याचे लक्षात आणून दिल्यावर ते कार्यक्रमांत तो शब्द बदलून गाऊ लागले. १ मे २०२३ रोजी त्यांचे निधन झाल्यावर त्याच चर्चने ३० वेळा घंटा वाजवली, त्यातील एक टोल लाइटफूट यांच्यासाठी होता.

गाण्यातील सर्वांत गंभीर दुरुस्ती मात्र हॅचविषयीची आहे. जहाजाच्या डेकवर मालाच्या कोठारांची २१ हॅच, म्हणजे माल आत भरण्याची तोंडे, होती आणि प्रत्येकावरचे पोलादी झाकण ६८ क्लॅम्पनी आवळावे लागे. हे काम डेकवरील खलाशांचे होते. सायंकाळी सात वाजता मुख्य हॅच आत कोसळले, असे गाण्याच्या मूळ ओळीत म्हटले होते. १९७७ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या अहवालानेही हॅचमधून पाणी शिरल्याचेच अनुमान काढले. आपल्या माणसांनी क्लॅम्प नीट आवळले नाहीत असा त्याचा अर्थ होत असल्याने कुटुंबीयांच्या मनात ही ओळ सलत राहिली. जहाजमालकांच्या संघटनेने तो निष्कर्ष फेटाळला. कॅरिबू बेटाजवळच्या उथळ पाण्यात तळ घासून जहाजाला इजा झाली असावी, असे तिचे मत होते. २०१० मध्ये दूरचित्रवाणीवरील एका माहितीपटाने खलाशांना दोषमुक्त ठरवणारी मांडणी केली, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या लाइटफूट यांनी ती ओळ गाणे सोडले. सात वाजता अंधारून आले, एवढेच ते म्हणू लागले.

छापील आणि स्वामित्वहक्काखालील शब्द त्यांनी बदलले नाहीत, त्यामुळे मूळ तबकडी ऐकणाऱ्याला आजही हॅच कोसळल्याचेच ऐकू येते. २०१० नंतरच्या त्यांच्या मैफलींत मात्र जहाज का बुडाले याचे उत्तर गाणे देत नाही, आणि अधिकृत चौकशांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नसताना हीच भूमिका अधिक प्रामाणिक होती.