जॉर्ज सदरलंड

सदरलंड, जॉर्ज (२५ मार्च १८६२ – १८ जुलै १९४२). अमेरिकन वकील, राजकारणी व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. जन्म इंग्लंडमधील स्टोनी स्ट्रॅटफर्ड येथे. वडिलांनी मॉर्मन हा अमेरिकेत उदयाला आलेला, यूटात केंद्र असलेला ख्रिस्ती पंथ स्वीकारल्यामुळे जॉर्ज वर्षभराचे असतानाच हे कुटुंब यूटा प्रदेशात आले. वडिलांनी पंथ लवकरच सोडला. जॉर्ज तर त्यात कधी गेलेच नाहीत. तरीही मॉर्मनबहुल यूटामध्ये ते निवडून येत राहिले, हे त्यांच्या स्वभावाविषयी बरेच सांगून जाते.

बाराव्या वर्षी शाळा सोडून त्यांनी कपड्यांच्या दुकानात नोकरी धरली. पुढे ब्रिगॅम यंग अकादमीत शिक्षण व मिशिगन विद्यापीठात कायद्याचा थोडा अभ्यास करून १८८३ मध्ये ते वडिलांबरोबर प्रोव्हो गावी वकिली करू लागले. १८९६ मध्ये यूटाला राज्याचा दर्जा मिळाला आणि पहिल्याच राज्य सिनेटमध्ये ते निवडून आले. त्यानंतर रिपब्लिकन पक्षातर्फे अमेरिकी संसदेच्या १९०१–०३ प्रतिनिधिगृहात आणि १९०५–१७ सिनेटमध्ये. कामगारांना अपघात-भरपाई मिळावी व स्त्रियांना मताधिकार मिळावा, यासाठी ते तिथे झटले. १९१६ ची निवडणूक ते हरले. राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग यांनी ५ सप्टेंबर १९२२ रोजी त्यांचे नाव न्यायाधीशपदासाठी सुचवले. सिनेटने त्याच दिवशी मंजुरी दिली.

सरकारने व्यक्तीच्या व्यवहारात हात घालू नये, ही त्यांची पक्की धारणा. त्यातूनच १९२३ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठीचा किमान वेतनाचा कायदा रद्द ठरवला. मताधिकार मिळाल्यावर स्त्रियांना वेगळे संरक्षण कशाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या आर्थिक कायद्यांना सातत्याने विरोध करणाऱ्या चार न्यायाधीशांत त्यांची गणना झाली. मात्र त्यांना निव्वळ प्रतिगामी म्हणून मोडीत काढता येत नाही. अलाबामात बलात्काराच्या आरोपावरून फाशी ठोठावलेल्या कृष्णवर्णीय तरुणांना वकिलाची परिणामकारक मदत मिळाली नव्हती, म्हणून १९३२ मध्ये ती शिक्षा रद्द करणारा निकालही त्यांचाच. जानेवारी १९३८ मध्ये ते निवृत्त झाले.

भारतीयांना हे नाव कडवटपणे आठवते ते नागरिकत्वाच्या दोन निकालांमुळे. कायद्याने परदेशातून आलेल्या ‘गोऱ्या’ व आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिकत्व मिळू शके. नोव्हेंबर १९२२ मध्ये जपानी अर्जदार ओझावा यांना नागरिकत्व नाकारताना सदरलंड यांनी गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, असा अर्थ लावला. तो धागा पकडून नागरिकत्व मागणारे पंजाबी शीख भगतसिंग थिंड यांच्यातर्फे वकील सखाराम गणेश पंडित उभे राहिले: त्या काळच्या वंशशास्त्रानुसार उत्तर भारतीयही कॉकेशियनच. फेब्रुवारी १९२३ मध्ये सदरलंड यांनी शास्त्र बाजूला सारले आणि सामान्य माणसाची समजूत प्रमाण मानून थिंड गोरे नाहीत, असे ठरवले. तीन महिन्यांत कसोटीच बदलली; स्वतः बाहेरून आलेल्या न्यायाधीशाने हे करावे, ही बाब आणखीच बोचते.

या निकालाच्या आधारे सरकारने अनेक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेतले. पंडितांवरही दावा झाला, पण तो ते जिंकले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेल्या थिंड यांना माजी सैनिकांसाठीच्या १९३५ च्या कायद्यामुळे पुढच्या वर्षी नागरिकत्व मिळाले. इतर भारतीयांसाठी ही वाट १९४६ मध्ये खुली झाली.