रात्री दहाचं जेवण स्वादुपिंडाला जड का जातं?

मधुमेहाचा विषय निघाला की बोलणं भात, बटाटा आणि आंब्यावर येऊन थांबतं. काय खायचं आणि किती खायचं, एवढंच आपण विचारतो. केव्हा खायचं, हे डॉक्टरांना विचारणारे फार थोडे. मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो तो एका स्पॅनिश प्रयोगामुळे.

स्पेनमध्ये रात्री नऊ-दहाला जेवणं ही रोजची रीत आहे. तिथल्या मुर्सिया विद्यापीठाच्या मार्ता गाराउलेत यांनी बोस्टनच्या फ्रँक शीर आणि रिचा सक्सेना यांच्यासोबत ८४५ प्रौढांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येकाने दोन वेगवेगळ्या संध्याकाळी, आठ तास पोट रिकामं ठेवून, ७५ ग्रॅम ग्लुकोज घातलेलं पाणी प्यायचं आणि पुढचे दोन तास रक्त तपासू द्यायचं. एकदा हे पाणी रोजच्या झोपेच्या चार तास आधी दिलं, एकदा फक्त एक तास आधी. माणूस तोच, ग्लुकोज तेवढंच, उपासही तेवढाच. बदलली ती वेळ. उशिरा जेवणाऱ्यांचं वजन जास्त असतं, ते व्यायाम कमी करतात, असल्या शंकांना इथे जागाच उरत नाही, कारण प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच आहे.

झोपेच्या तोंडावर रक्तातलं मेलाटोनिन हे संप्रेरक चार तास आधीच्या वेळेपेक्षा साडेतीन पट होतं. त्या दोन तासांत इन्सुलिनचं प्रमाण ६.७ टक्के कमी आणि साखरेचं ८.३ टक्के जास्त भरलं.

मेलाटोनिन म्हणजे अंधाराचा निरोप देणारं संप्रेरक. मेंदूतली पिनिअल ग्रंथी ते झोपेच्या साधारण दोन तास आधीपासून सोडू लागते. इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशींनाही ते ओळखता येतं, आणि ते पोचलं की या पेशी इन्सुलिन सोडताना हात आखडता घेतात. रात्रभर पोटात काही जाणार नसेल तर ही सोय उत्तमच आहे, कारण झोपेत साखर फार खाली जात नाही. पण नेमक्या याच वेळी पानात वरण-भात, पोळी आणि वर गोड वाढलेलं असलं, तर ती साखर आवरायला इन्सुलिन अपुरं पडतं.

हा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. बीटा पेशी मेलाटोनिन ज्याने ओळखतात, त्या ग्राहीचा (रिसेप्टरचा) आराखडा एमटीएनआर१बी नावाच्या जनुकात असतो. त्याचं एक रूप मधुमेहाचा धोका वाढवतं, हे २००९ च्या सुमारास युरोपीय आणि भारतीय वंशाच्या लोकांमध्येही दिसलं होतं. मुर्सियाच्या प्रयोगात हे रूप असलेल्यांची साखर उशिराच्या वेळी अधिक बिघडली.

दोन संध्याकाळच्या चाचणीवरून कुणाला मधुमेह होईल, हे अर्थातच सांगता येत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं माणसांच्या मागे राहावं लागतं. फ्रान्समध्ये लाखभर लोकांची अशी नोंद ठेवली गेली. २०२३ च्या विश्लेषणात सकाळची न्याहारी नऊनंतर करणाऱ्यांमध्ये मधुमेहाचं प्रमाण आठच्या आत करणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त आढळलं, आणि रात्री दहानंतरचं जेवणही धोक्याच्या बाजूलाच झुकलं.

आपल्याकडे हे दुर्लक्ष परवडणारं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ च्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, १३ कोटींहून अधिक लोक उंबरठ्यावर आहेत, आणि मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आहे. याला एकटी जेवणाची वेळ जबाबदार आहे असं मुळीच नाही. पण अनुवंश बदलता येत नाही, वेळ थोडीफार बदलता येते.

सूर्यास्ताआधी जेवणारी जैन कुटुंबं महाराष्ट्रात आजही आहेत. सगळ्यांना ते जमणार नाही. रात्री नऊला विरार किंवा कर्जत लोकलमधून उतरणाऱ्याला सातला जेवा असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. त्याने जेवणाचे दोन भाग करावेत: संध्याकाळच्या वडापाव-फरसाणाऐवजी डब्यातली भाजी-भाकरी साडेसहा-सातलाच खायची आणि घरी आल्यावर मुगाचं कढण किंवा कोशिंबीर, ताक एवढंच. भात दुपारी. जेवण उशिरा झालंच, तर शतपावली घालावी, आणि ती खरोखर शंभर पावलांवर थांबवू नये. चालताना स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. साठीपुढच्या लोकांवरच्या २०१३ च्या एका अभ्यासात प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालल्याने साखर सुधारली होती.

ज्यांचं इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी आधीच चालू आहे, त्यांनी मात्र जेवणाची वेळ स्वतःच्या मनाने बदलू नये. औषधाची वेळ तीच राहिली आणि जेवण पुढेमागे झालं किंवा कमी पडलं, तर रात्री साखर एकाएकी खाली जाऊन घाम फुटतो, थरथर होते, क्वचित शुद्धही हरपते. आधी डॉक्टरांकडून औषधाची वेळ आणि मात्रा बसवून घ्यावी, मग ताट अलीकडे आणावं.