ड्रोन उडाला कधीच, आकडा अजून जमिनीवरच

ड्रोन शेताच्या बांधापलीकडे गेला, तरी व्हिडिओच्या कोपऱ्यातली उंची शून्यावरच बसलेली. मोजून १८ सेकंदांनी ती हलली. उड्डाणाचे आकडे व्हिडिओवर चढवणारा प्रोग्रॅम मीच लिहिलेला, त्यामुळे बोल लावायला दुसरं कुणी नव्हतं.

घरी जुळवलेल्या ड्रोनवर कॅमेरा नुसता बसवलेला असतो. उंची, वेग, दिशा, बॅटरी यांची नोंद फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, आपल्या वेगळ्या कार्डावर करत राहतो. दोघांची गाठ पडते ती उड्डाण संपल्यावर, कॉम्प्युटरवर. आणि ती मारायला वेळेशिवाय दुसरा धागा नाही.

माझ्या कॅमेऱ्याची वेळ मोबाइलवरून लावलेली. फ्लाइट कंट्रोलरवरच्या आर्डुपायलट या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, मात्र जीपीएसची वेळ होती: आठवड्याचा क्रमांक आणि त्या आठवड्यातले मिलिसेकंद. हे घड्याळ ६ जानेवारी १९८०पासून चालतंय. पृथ्वीची गिरकी जरा रेंगाळते, म्हणून जगाच्या घड्याळात अधूनमधून एक जादा सेकंद घातला गेला, आपल्या अधिक महिन्यासारखा. जीपीएस तो पाळत नाही. २०१७पासून ते १८ सेकंद पुढे आहे. ताशी ३६ किलोमीटरने जाणारा ड्रोन तेवढ्यात १८० मीटर कापतो!

तेव्हापासून मी घड्याळांवर विसंबत नाही. ड्रोन थोडा वर नेला की जागच्या जागी झटकन एक गिरकी देतो. व्हिडिओत शेत गरकन फिरतं, लॉगमध्ये दिशेचा आकडा उडी मारतो. ती दोन टोकं एकमेकांवर ठेवायची. शूटिंगच्या क्लॅपचंच काम. तरी २० मिनिटांच्या शेवटी सव्वाएक सेकंदाची घसरण राहते, कारण ‘सेकंदाला ३० चित्रं’ म्हणणारे बरेच कॅमेरे खरं तर २९.९७ चित्रं घेतात. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीचं मानक ठरलं, तेव्हाचं हे लेणं अजून उतरलेलं नाही.

पुढची गंमत मधल्या आकड्यांची. माझं जीपीएस सेकंदाला ५ नोंदी देतं, चित्रं ३०. उरलेल्या चित्रांवरचे आकडे हिशेबाने भरायचे. वेगाला सरळ सरासरी चालते. दिशेला नाही. ड्रोन उत्तरेकडे जाताना एक नोंद ३५८ अंश, पुढची २ अंश. सरासरी काढा, १८०! होकायंत्राची सुई क्षणभर थेट दक्षिणेला झेपावते. जवळच्या बाजूने फिरायचं, हे प्रोग्रॅमला सांगावं लागतं.

उंची बहुधा हवेच्या दाबावरून काढतात. समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटर वर गेलं की दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो. शून्य मात्र उड्डाणाच्या जागेचं. कड्यावरून उडवून दरीत उतरवलात तर पडद्यावर उणे ४० दिसेल, आणि ते बरोबरच असेल.

डीजेआय कंपनीच्या बऱ्याच तयार ड्रोनमध्ये ही कसरत लागत नाही. सेटिंगमध्ये सबटायटल चालू केलं की व्हिडिओशेजारी त्याच नावाची एसआरटी फाइल तयार होते, सिनेमाच्या संवादांची असते तशीच. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावा, संवादांच्या जागी अक्षांश-रेखांश धावू लागतात, दशांशचिन्हापुढे सहा-सहा अंक. अक्षांशातला सहावा अंक म्हणजे जेमतेम ११ सेंटिमीटर आणि साध्या जीपीएसची चूक काही मीटरची. ड्रोन अंगणात ठेवा, पंखे बंद, वारा नाही. शेवटचे अंक तरी नाचतच असतात.