काचेवर उरलेलं बेट

छायाचित्रात गावातल्या एकुलत्या एका रस्त्यावर दाढीवाले पुरुष रांगेत उभे आहेत. रोज सकाळी इथे जमून आज कड्यावर पक्षी धरायला जायचं की दुसरं काही काम काढायचं, हे ते ठरवत. बाहेरच्यांनी या बैठकीला 'संसद' म्हटलं आणि छायाचित्रालाही तेच नाव चिकटलं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, नॉर्थ युइस्ट बेटाच्याही पलीकडे सुमारे ६४ किलोमीटरवर सेंट किल्डा हा द्वीपसमूह आहे. तिथलं हे १८८०च्या दशकातलं छायाचित्र, अ‍ॅबर्डीनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन यांच्या कंपनीचं. त्या कंपनीच्या हजारो काचपट्ट्या, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह, आज अ‍ॅबर्डीन विद्यापीठात जपलेल्या आहेत.

इथली माणसं समुद्रपक्ष्यांवर जगली. गॅनेट, फुलमार आणि पफिन यांचं मांस आणि अंडी खायला. तेल आणि पिसं खंडापोटी जमीनदाराला. मांस वाळवून ठेवायला डोंगरउतारावर दगड रचून केलेल्या 'क्लेट' नावाच्या कोठ्या होत्या. वारा आरपार जाईल आणि पाऊस मात्र बाहेरच राहील, अशी त्यांची रचना.

१८९६मध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे भाऊ कॅमेरा घेऊन आले. पक्ष्यांची घरटी जागच्या जागी टिपण्यात हे दोघे अग्रेसर, तेही जड कॅमेरा आणि काचपट्ट्या सांभाळत. त्यांनी कड्यावर दोरानं उतरणारी माणसंही टिपली आणि पक्षीही. त्या काळी पक्ष्यांचा 'अभ्यास' बहुधा बंदुकीनंच होत असे. इथला रेन हा चिमुकला पक्षी मुख्य भूमीवरच्या रेनपेक्षा मोठा, म्हणून संग्राहकांची त्याच्यावर आणि त्याच्या अंड्यांवर नजर. अखेर १९०४मध्ये त्याच्या रक्षणासाठी ब्रिटिश संसदेला (खऱ्या!) कायदा करावा लागला. रेन आजही तिथे आहे.

माणसं मात्र नाहीत. तरुण निघून गेले, आजारपणं आली, आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेले ३६ जण स्वतःच्याच विनंतीवरून बोटीनं कायमचे निघाले. कुत्र्यांना आधीच बुडवून मारलं होतं.

मग जे घडलं ते कुणाच्या कॅमेऱ्याला सहज दिसणारं नव्हतं. या गावात घरात राहणाऱ्या उंदराची एक वेगळी उपजात होती, जगात फक्त इथेच. चुलीची ऊब आणि घरातलं धान्य यांवर तिचं सगळं चालायचं. १९३१मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे अभ्यासक आले, तेव्हा मोजकेच उंदीर उरले होते. रिकाम्या घरांत आता धष्टपुष्ट रानउंदीर शिरत होते. काही वर्षांतच घरातला उंदीर संपला. चूल विझल्यानं एखादी उपजात नामशेष झाल्याची इतकी स्वच्छ नोंद क्वचितच सापडते, आणि ती छायाचित्रांतून नव्हे तर सापळे लावून मिळाली आहे.

जुनी-नवी छायाचित्रं शेजारी ठेवून बदल मोजणं ही आज रुळलेली पद्धत आहे. भिंती कुठे ढासळल्या, शेताचे पट्टे कधी गवताखाली गेले, हे त्यातून छान कळतं. पण मेंढ्यांपाशी ती फसवते. गाव नांदतं असताना हिर्टा या मुख्य बेटावर चरत असत त्या दुसऱ्याच जातीच्या मेंढ्या. गावकऱ्यांबरोबर त्याही हलवल्या गेल्या. आज तिथे दिसणाऱ्या लहानखुऱ्या, तपकिरी सोए मेंढ्या तेव्हा शेजारच्या सोए बेटावर होत्या. १९३२मध्ये त्यांपैकी १०७ हिर्टावर आणून सोडल्या. तारीख न पाहता दोन छायाचित्रं जुळवणारा 'त्याच मेंढ्या अजून आहेत' असं खुशाल म्हणेल.

या मेंढ्यांवर १९८५पासून सलग अभ्यास चालू आहे. गावाभोवतीच्या जवळपास प्रत्येकीच्या कानात क्रमांकाचा बिल्ला, दरवर्षी वजनं-मापं, कुणाचं कोकरू कोणतं याची नोंद. एखाद्या कडक हिवाळ्यात निम्म्याहून अधिक कळप मरतो. तरीही सरासरीनं मेंढ्या लहान होत चालल्याचं दिसलं, कारण हिवाळे सौम्य झाल्यानं पूर्वी न तगणारी हळू वाढणारी कोकरंही आता जगतात. फरक इतका बारीक की तो तराजूलाच कळावा.